बाटली क्रमांक सात

सहा बाटल्या विहिरींच्या, हातपंपांच्या.
सातवी ढोडीची.
ती कुणी मागितलेली नाही,
फॉर्मवर तिच्यासाठी रकानाही नाही.

पंचायतीने मला जलसुरक्षक केलं तेव्हा
एक पेटी दिली : कागदी पट्ट्या, थेंबांच्या कुप्या,
रंगांचा तक्ता.
पाणी काय म्हणतं ते रंगात वाचायचं.
ढोडी काय म्हणते ते मात्र
जयवंताबाई दिघोरेने शिकवलं.
गुडघाभर पाण्यात, कमरेला जाळं खोचून,
ती दगड उलटवून दाखवायची :
वाळूचे कण लाळेने चिकटवून
अळीने बांधलेली नळी, तांदळाच्या दाण्याएवढी.
‘हे घर हाये तवरी पानी पे.’

चैत्रात डोंगर पेटला.
रात्री गावातून दिसायची
लुगड्याच्या काठासारखी लाल रेघ, सरकणारी.
कुणी लावली, वनरक्षकाने विचारलं.
सगळ्यांनी एकमेकांच्या पायांकडे बघितलं.
मोहाखालचा पाला जाळतात सगळेच.
फूल फिकट, भुई काळी, वेचायला सोपं.
सासऱ्यांच्या सदऱ्याला
तीन दिवस धुराचा वास होता.
मी तो दोनदा धुतला.
ढोडीवरच.

मग अवकाळी आला. अर्धा तास, गारांसकट.
जळालेली जमीन पाणी पीत नाही.
मी वाकून बघितलंय :
थेंब तिच्यावर तेलकट गोळी होऊन बसतो,
विचार केल्यासारखा थांबतो,
घरंगळतो.
थेंबामागे थेंब,
आणि डोंगर खाली उतरला.

ढोडी आली ती काजळासारखी,
शेणकाल्याएवढी दाट,
वर अर्धवट जळलेली तेंदूची पानं.
पट्टी बुडवली. गडद निळी.
राखेची निवळी. पूर्वी हिनेच गोधड्या धूत.
माशाचे कल्ले म्हणजे गोधडी नव्हे.
दुपारपर्यंत खवली, दाडक, बोटभर पिल्लं
वर येऊन हवा चावत होती.
झिंगे वाळूवर चढलेले,
खेकडे कव्ह्याच्या उघड्या मुळांना धरून.
मरळ तेवढी तगली, तिला वरचा श्वास घेता येतो.
पोरं टोपल्या घेऊन धावली.
जयवंताबाईने एकही मासा उचलला नाही.
‘धरला नाई, त खावाचा कसा?’

तालुक्याच्या प्रयोगशाळेत
चष्म्यावरून बघत एकाने विचारलं,
ढोडीचं पाणी कोण पितं?
रानडुकरं, म्हटलं. नीलगायी.
आणि पाच नंबरचा हातपंप,
वीस पावलांवरून.
त्याने बाटली उजेडात धरली.
काळा गाळ हळूहळू तळाशी बसत होता.
दोघंही बघत राहिलो,
तेवढ्यात त्याला चहाला बोलावलं.

पावसाळाभर डोह भरत राहिले, गाळाने.
जिथे जयवंताबाई बुडायची तिथे आता घोटे भिजतात.
काठची झाडं गेली, सावली गेली,
मार्गशीर्षातही दुपारचं पाणी कोमट,
दगडांवर हिरवी लाळ.
ती धान कापायला जाते दुसऱ्यांच्या बांध्यांत.
जाळं कुडाला टांगलेलं. त्यात कोळ्याने
स्वतःचं विणलंय.

यंदा मोह गळायच्या आधी
सासरे पहाटे खराटा घेऊन निघाले.
झाड अन् झाड झाडून आले, संध्याकाळी,
पाठ धरून.
मी काही विचारलं नाही. तेही बोलले नाहीत.
पाणी तापवून दिलं.

आज एक्केचाळीस दगड उलटवले.
चाळिसांखाली चिखल.
एकाखाली एक नळी, दाण्याएवढी,
अर्धी वाळूची,
अर्धी कोळशाच्या कणांची.
मिळेल त्यात बांधलेली.

जयवंताबाईला बोलावून आणलं.
तिने बघितलं, बराच वेळ.
दगड होता तसाच, त्याच बाजूने, परत ठेवला.
हात लुगड्याला पुसले.

पे, असं अजून म्हणाली नाही.